अकस्मात म्हणू नका!

वाचकहो, गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरलेला माणूस मेला म्हणजे पोलीस ठाण्यात जो पहिला कागद तयार होतो, त्यावर बहुधा दोन शब्द असतात : अकस्मात मृत्यू. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी, भावकीत वा वस्तीत असा प्रसंग ओढवला असेल, त्यांनी तो कागद पाहिला असेल. कदाचित त्याखाली सही किंवा अंगठाही केला असेल. त्या सहीविषयी आज तुमच्याशी थोडे कठोर बोलावयाचे आहे.

‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे. ‘अकस्मात्’ म्हणजे कशामुळेही नाही. ज्याला कारण नाही असे. आता सांगा, ज्या धम्माला आपण शरण गेलो, त्याचा पाया कोणता? कारणावाचून काही घडत नाही आणि कारण दूर केले म्हणजे कार्यही थांबते, हाच ना? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी लाखो लोकांना दीक्षा दिली, तेव्हा प्राक्तन, देवाची इच्छा, कपाळावरची रेघ ही सारी ओझी आपण त्या मैदानावर टाकून आलो, असे आपण अभिमानाने सांगतो. ज्यांनी काल-परवा दीक्षा घेतली तीही कुटुंबे तेच सांगतात. मग तरणाताठा मुलगा टाकीतून दोराने ओढून वर काढला जातो, तेव्हा आपल्याच तोंडून ‘त्याचे तेवढेच आयुष्य होते’ हे शब्द कसे निघतात? भिंतीवरचे देव उतरविणे सोपे असते. डोक्यात बसलेले प्राक्तन उतरविणे अवघड. आणि ठेकेदाराला हे पक्के ठाऊक आहे.

तेव्हा कारण काय ते प्रथम नीट समजून घ्या. त्यात गूढ असे काहीच नाही. बंद जागेत मैला कुजतो. कुजताना तेथल्या हवेतील प्राणवायू खर्ची पडतो आणि त्याच्या जागी दुसरे वायू साचतात. त्यांतील सर्वांत घातकी हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखी जी दुर्गंधी येते ती याची. पुष्कळांचा समज असा की, घाण वास येतो तोवर धोका, वास थांबला की धोका टळला. या एका समजाने किती माणसे खाल्ली असतील कोण जाणे! हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे शंभर भाग झाले की, थोड्याच वेळात नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास गेला तो वायू गेला म्हणून नव्हे, नाक मेले म्हणून. प्रमाण पाचशेच्या पलीकडे गेले की शुद्ध हरपू लागते, आणि हजाराच्या घरात माणूस एकदोन श्वासांतच कोसळतो. ओरडण्यासही अवधी मिळत नाही. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड. तो तळाशी दबा धरून बसतो. मॅनहोलच्या तोंडाशी वाकून पाहणाऱ्या मुकादमाला काहीच जाणवत नाही, आणि ‘काही नाही रे, उतर’ असे तो खुशाल सांगतो. गाळात अडकलेला वायू फावड्याने गाळ ढवळला की एकदम सुटतो. पहिली पाच मिनिटे सुखरूप गेलेला माणूस सहाव्या मिनिटाला मरतो, याचे कारण हे आहे.

वायू नसला तरी नुसता प्राणवायूचा अभाव पुरेसा असतो. चांगल्या हवेत प्राणवायू शेकडा २०.९ असतो. तो १९.५ च्या खाली उतरला की ती जागा साध्या श्वासाने वावरण्याची राहिली नाही, असे सुरक्षाशास्त्र मानते. दहाच्या खाली माणूस बेशुद्ध पडतो. सहाच्या खाली काही मिनिटांत मरतो. प्राणवायू कमी झाल्याचा वास येत नाही, रंग दिसत नाही, पुष्कळदा गुदमरल्याचे भानही होत नाही. पाय लटपटतात आणि माणूस खाली बसतो. यासाठी मैलाच पाहिजे असेही नाही. बंद लोखंडी टाकी गंजत असते, आणि गंज प्राणवायू खातो. मुंबईत नागपाड्याला मार्च २०२५ मध्ये बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीची टाकी साफ करताना चार मजूर गुदमरून मेले. ती मैल्याची टाकी नव्हती, पाण्याची होती! ‘पाण्याच्या टाकीत काय होणार’ असे ज्यांना अजून वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. धान्याची कोठारे, जुन्या विहिरी, गोबरगॅसचे खड्डे, कारखान्यातील पिंपे यांचाही स्वभाव हाच.

या संकटावर ठेकेदाराच्या पोतडीत तीन उपाय असतात. एक म्हणजे कंदील किंवा मेणबत्ती खाली सोडून पाहणे. प्राणवायू फारच कमी असेल तर ज्योत विझते हे खरे. परंतु माणसाला जागच्या जागी पाडण्याइतका हायड्रोजन सल्फाइड असतानाही ज्योत सुखाने जळत राहते, आणि खाली मिथेन साचलेला असेल तर तीच ज्योत स्फोट करते. दुसरा उपाय तोंडाला बांधलेला रुमाल. रुमालाने धूळ अडते, वायू अडत नाही. तिसरा उपाय सर्वांत नीच : उतरण्यापूर्वी घशाखाली ओतलेली दारू. घाणीची शिसारी वाटू नये म्हणून मुकादम स्वतःच्या पैशाने ती पाजतो आणि नंतर तोच साक्ष देतो की, माणूस दारू प्यालेला होता. पंचशील घेतलेल्या माणसाच्या हाती जो पेला देतो, तो केवळ त्याचे शील मोडत नाही. त्याच्या मरणाची कैफियत आधीच लिहून ठेवतो.

आता याहून अप्रिय गोष्ट सांगतो. पहिला माणूस वायूने मरतो. दुसरा आणि तिसरा मायेने मरतात. खाली भाऊ पडलेला दिसतो, आणि वरचा भाऊ उडी टाकतो. अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्याला तेव्हा अहमदनगर म्हणत, नेवासे तालुक्यातील वाकडी गावी एप्रिल २०२४ मध्ये शेणाच्या रबडीने भरलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. त्याला काढण्यासाठी एकामागून एक सहा जण उतरले. पाच जण गेले. परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात मे २०२३ मध्ये मैल्याच्या एकाच टाकीत पाच जण गेले. अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेने १९८६ सालीच नोंदवून ठेवले आहे की, बंदिस्त जागेत मेलेल्यांपैकी शेकडा साठाहून अधिक लोक दुसऱ्याला वाचविण्यासाठी उतरलेले होते. शेकडा साठ! म्हणजे जे मरावयाचे नव्हतेच ते अधिक.

म्हणून सांगतो, खाली माणूस पडला तर तुम्ही उतरू नका. हे वाक्य लिहिताना लेखणी अडखळते. आपली माणसे भावासाठी जीव देणारी आहेत आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु ज्या हवेने त्याला चार श्वासांत पाडले, ती हवा तुमचे नाते विचारणार नाही. प्रज्ञेवाचून केलेली करुणा त्या टाकीत दोन प्रेते करते. त्याच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोर असेल तर वरच्या वर ओढून काढा. दोर नसेल तर अग्निशामक दलाला बोलवा, पंख्याने वा भात्याने आत हवा मारा, आरडाओरडा करा. पण श्वसनयंत्रावाचून पाय आत टाकू नका. ही गोष्ट आजच घरी मुलांना सांगून ठेवा. टाकीच्या तोंडाशी विचार करावयास वेळ नसतो.

दोराचा विषय निघाला म्हणून सांगतो. हा दोर काही नवा शोध नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्यातील ३६ व्या कलमाने स्पष्ट घालून दिले होते की, विषारी वायूचा संभव असलेल्या टाकीत, खड्ड्यात, नळीत वा कोणत्याही बंदिस्त जागेत माणसाला शिरू द्यावयाचे तर, जाणकाराने हवा तपासून ती निर्धोक असल्याचा लेखी दाखला द्यावा. नाही तर शिरणाऱ्याच्या तोंडावर श्वसनयंत्र आणि कमरेला पट्टा असावा, त्या पट्ट्याला दोर असावा आणि दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असावे. हा कायदा आता नव्या कामगार संहितेत विलीन झाला आहे. पण १९४८ साल लक्षात ठेवा. कारखान्याच्या भिंतीच्या आत माणसाच्या जिवाला दोर बांधावा लागतो हे या देशाच्या कायद्याला तेव्हापासून ठाऊक होते. भिंतीच्या बाहेर, रस्त्यातल्या मॅनहोलमध्ये तोच वायू, तोच माणूस, तेच फुप्फुस. मग त्याच्यासाठी असा नेमका कायदा होण्यास २०१३ साल का उजाडावे लागले? पासष्ट वर्षे तो दोर कोठे अडला होता? उत्तर तुम्हांला ठाऊक आहे. कारखान्यात कोणीही कामाला असू शकतो. मॅनहोलमध्ये कोण असतो हे जन्माने ठरलेले होते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ साली कोळशाच्या खाणींची पाहणी करण्यास गेले तेव्हा ते स्वतः खाणीत उतरले. त्याआधी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बोलताना त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे दोघे एकमेकांचा हात धरून उभे असलेले पाहावयाचे असतील तर कोणत्याही उघड्या मॅनहोलपाशी जा. एक म्हणतो, यंत्र महाग पडते. दुसरा म्हणतो, ही माणसे त्याच कामाची आहेत.

२०१३ च्या कायद्याचा अंमल त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून सुरू झाला, म्हणजे महापरिनिर्वाणदिनी. त्याचे सातवे कलम सांगते की, कोणीही व्यक्ती, स्थानिक संस्था वा एजन्सी प्रत्यक्षपणे किंवा अप्रत्यक्षपणे कोणालाही गटाराच्या वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी लावणार नाही. नववे कलम पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. कायद्याखालील नियमांत वायुमापकापासून सुरक्षापट्ट्यापर्यंत साधनांची लांबलचक यादी आहे. टाकी आधी यंत्राने रिकामी करावी, हवा तपासावी, कमीत कमी तीन माणसे हजर असावीत व त्यांतला एक पर्यवेक्षक असावा, असेही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले की, कितीही तातडी असली तरी साधनांवाचून गटारात उतरविणे हा गुन्हा मानावा; आणि १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूस दहा लाख द्यावेत. २०२३ साली त्याच न्यायालयाने ती रक्कम तीस लाखांवर नेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणसाला गटारात उतरविण्यास बंदीच केली.

कागदावर याहून अधिक काय हवे? आणि तरीही सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत धोकादायक सफाईत ३७७ माणसे मेली. सरकारनेच करविलेल्या एका सामाजिक लेखापरीक्षणात २०२२ व २०२३ मधील ५४ मृत्यू तपासले गेले. त्यांतील ४९ जणांपाशी कसलेही संरक्षक साधन नव्हते. राहिलेल्यांपाशीही हातमोज्यांपलीकडे फारसे काही नव्हते. त्याच तपासणीत आढळले की, २७ जणांची ‘संमती’ घेतलीच नव्हती, आणि १८ जणांची लेखी घेतली होती. पण धोका कोणता हे समजावून सांगितले नव्हते. पाहा, दोर आणण्यास पैसा नव्हता; अंगठ्यासाठी शाई मात्र होती!

या आकड्यांवरही शब्दांचे पांघरूण घातले जाते. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सरकारने उत्तर दिले की, हाताने मैला वाहण्याच्या कामामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. का नाही? तर हाताने मैला उचलणे हे एक प्रकरण आणि गटारात उतरून मरणे हे दुसरे. कायद्यात दोहोंच्या व्याख्या निराळ्या. व्याख्येच्या या बोळातून तेवढे मृतदेह गुपचूप नेले गेले. पोलिसांचे ‘अकस्मात’ आणि सरकारचे ‘नोंद नाही’ हे एकाच शाईने लिहिलेले शब्द आहेत.

एवढा वेळ दुसऱ्यांना बोल लावला; आता वाचकहो, आपल्याकडे वळू. आपल्यातील काही मंडळी म्हणतात, ‘आमचा याच्याशी काय संबंध? आम्ही ते काम केव्हाच सोडले.’ महाडला १९२७ साली मेलेली ढोरे ओढणे सोडा असा उपदेश झाला, तो आपल्या पूर्वजांनी उपाशी राहून पाळला, हे खरे. पण केंद्र सरकारने गटार व सेप्टिक टाकी कामगारांची जी मोजणी केली, तिच्यात डिसेंबर २०२४ पर्यंत पडताळलेल्या ५४,५७४ कामगारांत शेकडा ६७.९१ अनुसूचित जातींचे निघाले. ते आपले कोण लागतात? वाल्मीकी, मेघवाळ, मातंग, आणि कंत्राटावर रोजंदारी करणारी आपलीच बिनशिक्षणाची पोरे. ‘ते त्यांचे काम’ असे जो बौद्ध म्हणतो, त्याने धर्म बदलला असेल. जात मात्र सामानासोबत नव्या घरी आणली.

आणि नवे घर म्हणजे काय? सोसायटीतील सदनिका. गोवंडीला डिसेंबर २०१९ मध्ये एका गृहनिर्माण संस्थेच्या सेप्टिक टाकीत तीन कामगार मेले. त्यांच्या विधवांना मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा कोठे सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्येकीला दहा लाख देण्याचा हुकूम राज्य सरकारला झाला. विरारला एप्रिल २०२४ मध्ये खाजगी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चार जण मेले. या टाक्या कोण्या दूरच्या महानगरपालिकेच्या नव्हेत. तुमच्या आमच्या जिन्याखालच्या आहेत. सोसायटीच्या सभेत सफाईची दोन दरपत्रके येतात. एक यंत्राचे, एक माणसाचे. माणसाचे स्वस्त असते. आपला सुशिक्षित बौद्ध सभासद, ज्याच्या दिवाणखान्यात बाबासाहेबांची तसबीर आहे, तो हात कोणत्या दरपत्रकासाठी वर करतो? कायद्यातील ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द त्याच हातासाठी आहे. ‘आम्ही ठेकेदाराला काम दिले, माणसे त्याने उतरविली’ ही सबब ऐकून घेण्याचे कारण नाही. सभेत उभे राहून विचारा : यंत्र येणार की माणूस? माणूस उतरणार असेल तर वायुमापक कोठे आहे, वर दोर धरून कोण उभा राहणार आहे? उत्तर नसेल तर सभेच्या कार्यवृत्तात आपला विरोध लिहून घ्या. शेजारी नाक मुरडतील. मुरडू देत.

‘पण मग त्या गरिबाची रोजी बुडेल’ असे कोणी तरी हळहळेलच. ही हळहळ खोटी आहे. शोषून घेणारी आणि जोराने पाणी मारणारी यंत्रे देशभर आहेत. मॅनहोलमध्ये माणसाऐवजी उतरणारे यंत्रही केरळात तरुण अभियंत्यांनी २०१८ पासून वापरात आणले आहे. त्या यंत्रांवर चालक लागतो. ते काम ज्यांनी इतकी वर्षे मरण पत्करले त्यांना द्या, त्यांना शिकवा. रोजी बुडण्याची चिंता ज्याला खरोखर आहे तो ही मागणी करील. ज्याला नाही तो फक्त हळहळेल.

तुमच्या मुलाला उद्या कोणी म्हणाले, ‘दोन मिनिटांचे काम आहे, हजार रुपये घे’, तर त्याने विचारावे : हवा कोणी तपासली, दोर कोठे, दुसरे टोक कोणाच्या हाती? या तीन प्रश्नांना उत्तर नसेल तर उतरू नये. हजार रुपये गेले तर जावोत. तो दिवस त्याच्या घरी चूल पेटली नाही तर ती पेटविणे हे त्या वस्तीच्या विहाराचे काम आहे. आपण बुद्धपौर्णिमेला मंडपावर खर्च करतो, त्यातील थोडा यासाठी राखून ठेवता येईल. तसेच विहाराच्या खर्चाने एक चार वायू मोजणारे वायुमापक घेऊन ठेवता येईल. पुतळ्याच्या चबुतऱ्याहून ते पुष्कळ स्वस्त पडते.

आणि इतके करूनही घात झालाच तर? नुकसानभरपाई घेण्यात लाज नाही, ती तुमचा हक्क आहे. पण ठेकेदार रात्री घरी आणून देतो ती पाकिटे नव्हेत. त्या पाकिटाच्या बदल्यात तो एक सही मागेल. पोलीस सांगतील की, अकस्मात मृत्यूची नोंद ही चौकशीची केवळ पहिली पायरी आहे. पुष्कळदा तीच शेवटची ठरते. २०१३ च्या कायद्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तो त्या कायद्याच्या कलमासह नोंदवून घ्या. या कायद्याखाली न्यायालयात तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत जावी लागते. सुतकाचे दिवस, गावी जाणे, नातेवाइकांच्या बैठका यांत हे तीन महिने कसे जातात ते कळतही नाही, आणि ठेकेदाराचा वकील नेमके तेवढेच दिवस मोजत असतो. ठाण्यातला जमादार कागद पुढे सरकवील, तेव्हा म्हाताऱ्या आईचा अंगठा लगेच पुढे जाऊ देऊ नका. घरातल्या शिकलेल्या मुलीने तो कागद आधी तिथेच, सर्वांसमक्ष, मोठ्याने वाचावा. आणि त्यात ‘अकस्मात’ हा शब्द आला की थांबून विचारावे, ‘साहेब, कशामुळे?’